वीसपैकी तीन

सकाळी सात-चाळीसला फळा पुसते, तारीख लिहिते,
खाली: आजचा धडा. त्याच्याखाली: गृहपाठ.
एकोणीस वर्षं हेच.
मार्कर वाळलेला निघाला तरी फेकवत नाही,
टोपण लावून परत ट्रेमध्ये ठेवते
आणि दुसऱ्या दिवशी नेमका तोच हाताला लागतो.

बाहेर डाकोटाची सपाटी, उणे बावीस.
वारा पूर्वेचा असला तर टर्कीच्या कारखान्याचा वास
तिसऱ्या तासापर्यंत वर्गात पोचतो.
रात्रपाळीहून आलेले आईबाप पोरांना दारात उतरवतात
आणि इंजिन चालू ठेवून तिथेच
स्टिअरिंगवर दहा मिनिटं झोपतात.

सुरुवातीला पाच शब्द, पाच वाक्यं.
'अनिच्छेने' या शब्दापुढे कोल्टन हॉफरने लिहिलं:
मी हे वाक्य अनिच्छेने लिहीत आहे.
पूर्ण गुण दिले. काय करणार, बरोबर होतं.

मंगळवारचा गृहपाठ: घडून गेलेली एक गोष्ट,
एक पान, भूतकाळात.
'भूतकाळात'खाली मी दोनदा रेघ मारली होती.

लेर मूचं पान स्वयंपाकघरात वाचलं, सूप निवत होतं.

आजी मरते. आम्ही नदी ओलांडतो.
भात नावेत सांडतो, मामा ओंजळीने गोळा करतो.
छावणीच्या दाराशी आजी मरते.
मी पाच वर्षांची आहे.
मी तिची चप्पल धरून उभी आहे.

लाल पेन 'मरते'वर टेकवलं आणि उचललं.
कागदावर मोहरीएवढा ठिपका राहिला.
वाटलं, हिची आजी अजून मरतेच आहे,
तिला भूतकाळात ढकलणारी मी कोण?
वीसपैकी वीस. शेजारी लिहिलं: सुंदर.
मग स्वतःवर खूश होऊन सूप पुन्हा गरम केलं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत ती टेबलापाशी.
"मिस चेटर, तुम्ही तपासलं नाही."
तपासलं की.
"नाही. सतरा चुका आहेत, मी मोजल्या.
आमच्या कारेन भाषेत क्रियापद कपडे बदलत नाही.
काल, आज, उद्या, एकच शर्ट.
बाबांनी कारखान्याच्या फॉर्मवर लिहिलं:
मशीन बंद आहे, मी हात घालतो.
ऑफिसातल्या बाईने विचारलं,
म्हणजे रोजच घालता? सवय आहे तुमची?"
तिने स्वतःचा डावा हात वर धरला,
दोन बोटं मिटून.
"सुंदर नको, मिस. बरोबर पाहिजे."

मधली सुट्टी पंचवीस मिनिटांची.
त्यातली चार मी नुसतीच बसून घालवली.
मग खुर्ची ओढून दिली, पान मधे ठेवलं.
ओलांडतो, ओलांडली. सांडतो, सांडला.
तिला नियम पाठ होता,
फक्त कुणी तरी समोर बसायला हवं होतं.
लाल ठिपक्यापाशी आलो तशी म्हणाली, "हे मी."
माझं पेन नको म्हणाली, दप्तरातून पेन्सिल काढली,
टोक तपासलं,
आणि 'मरते'वर एक सरळ आडवी रेघ ओढून
वर लिहिलं: मेली.
तिचं अक्षर एरवी मोठं असतं.

वीसावर काट मारून मी तीन केले.
'सुंदर'चं काय करायचं कळेना. राहू दिलं.
अर्धं सँडविच पुढे सरकवलं, तिने घेतलं नाही,
केचपची दोन पाकिटं मात्र खिशात टाकली
आणि दप्तरातून फॉर्मची कोरी प्रत काढली.
"आता हा."
घंटेला सहा मिनिटं होती.

मशीन बंद होतं.
मी हात घातला.
मग ते सुरू झालं.

'झालं'पाशी तिने वर पाहिलं. मी मान हलवली.

पोरं बर्फाचे बूट आपटत आत आली,
कोल्टनने विचारलं, आज काय आहे,
फार नाही ना?
फळ्याकडे वळले. गृहपाठ: तीच गोष्ट, पुन्हा.
खाली रेघ मारायला मार्कर घेतला
तर वाळलेलाच निघाला.